मायवर गेलेली रोपे

सौंसरला आमच्या घरामागे जंबेरीच्या रोपांचे गादीवाफे असत. संत्र्याचा डोळा बांधायला खुंट लागतो तो जंबेरीचा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. त्या वाफ्यांत पुष्कळदा एकाच जागी दोन-दोन, तीन-तीन रोपे वर येत. आजोबा एका अंगाची रोपे ठेवीत आणि वेगळ्या वळणाचे दिसले की उपटून टाकीत. कारण विचारले की म्हणत, "ते मायवर नाही गेलं."

1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आमचा छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्यामुळे घरात मराठी, शाळेत हिंदी, अशी आमची पिढी वाढली. 1974 साली मी सहावीत होतो. फळ्यावर बीजाचे चित्र होते, त्यात एक भ्रूण. मी अर्ध्या मराठीत, अर्ध्या हिंदीत विचारले की, आमच्याकडे एका बीतून तीन रोपे येतात, ती कशी? वर्ग हसला. गुरुजी म्हणाले, "दो-तीन बीज एक जगह गिर गए होंगे." आणि धडा पुढे गेला.

आज वाटते, गुरुजींची शंका रास्तच होती. चूक एवढीच की ती तपासून पाहायचे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही.

मौज अशी की, त्याच सुमारास सातपुड्यापलीकडे नेमके तपासून पाहण्याचेच शिक्षण सुरू झाले होते. 1972 साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या (आजचे नर्मदापुरम) 16 माध्यमिक शाळांत किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी शासनाच्या परवानगीने नवे विज्ञान-शिक्षण आरंभिले. सहावी ते आठवीची मुले टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, पाने-किडे पाहायला परिभ्रमणाला जात, दिसेल ते वहीत लिहीत. परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती! 1978 मध्ये हा कार्यक्रम जिल्हाभर पसरला. 1982 मध्ये 'एकलव्य' संस्था स्थापन झाली आणि पुढे तिने तो सांभाळला. मुले आपले प्रश्न 'सवालीराम' या काल्पनिक गृहस्थाला पत्राने कळवीत आणि त्यांना उत्तरे येत. 2002 साली शासनाने हा कार्यक्रम बंद केला.

पुढे मी शिक्षक झालो. या कार्यक्रमाचे 'बाल वैज्ञानिक' पुस्तक एका मित्राने मला आणून दिले, तेव्हा तो जुना प्रश्न पुन्हा वर आला. मी वर्गातल्या मुलांना जंबेरीच्या बिया धुऊन, मोजून आणायला सांगितल्या. एका पिशवीत एकच बी, तीही दोघांच्या साक्षीने. गुरुजींची शंका अशी फेडायची होती. काही पिशव्यांत एक रोप आले, काहींत दोन, एकीत तीन. मुलांनी सोललेल्या बीतही लहान-मोठी भ्रूणे दिसली.

ही गोष्ट फार पूर्वी एकाने पाहिली होती. हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावचा कापडाचा व्यापारी लेवेनहूक याने 1719 साली संत्र्याच्या बीत एकाहून अधिक भ्रूणे असल्याची नोंद केली. त्याला लॅटिन येत नव्हते, विद्यापीठाची पायरी तो चढला नव्हता. लंडनच्या रॉयल सोसायटीला तो आपल्या डच बोलीतच पत्रे लिही. ती भाषांतर करून छापली जात. पण असे का होते, हे जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ स्ट्रासबर्गर याने 1878 मध्ये दाखवून दिले. संत्र्या-जंबेरीच्या बीत एक भ्रूण परागफलनाने होते; बाकीची मात्र बीजांडातल्या आईच्याच पेशींतून वाढतात. ती हुबेहूब आईसारखी निघतात. दिसण्यापासून कळण्यापर्यंत 159 वर्षे गेली.

आजोबा उपटीत ते रोप बहुधा परागफलनाचे असे. नावे त्यांना ठाऊक नव्हती, पण निरीक्षण पक्के होते. फक्त त्यांनी ते कधी लिहून ठेवले नाही, आणि आम्हीही त्यांना "तुम्हाला कसं कळलं?" असे दुसऱ्यांदा विचारले नाही. शाळेतल्या पुस्तकात वाफा नव्हता आणि वाफ्यावर वही नव्हती; दोन्हींमध्ये आमची एक पिढी गेली.

2023 साली पांढुर्णा आणि सौंसर या तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. मीही आता निवृत्त झालो आहे. परवा जुने कपाट आवरताना त्या वर्गाची नोंदवही सापडली. रकाने हिंदीत आखलेले: 'दिनांक', 'बीज क्रमांक', 'पौधों की संख्या'. आणि कडेच्या रकान्यात एका मुलीने मराठीत शेरा लिहिला होता: "पानं वेगळी. हे मायवर नाही गेलं. उपटू नये, पाहावं."