कंदिलाच्या उजेडातील शस्त्रक्रिया

१/५ आज गोंदियात एखादी लाडकी व्यक्ती आजारी पडली, की घटकाभरात मोबाईलवर ‘लवकर बरे व्हा’ असे संदेश येऊ लागतात. शतकापूर्वी, गोंदिया मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात असताना, अवघा देश एका कैद्याच्या प्रकृतीची वार्ता वृत्तपत्रांत शोधत होता.

२/५ राजद्रोहाबद्दल सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या गांधीजींना येरवड्याहून पुण्याच्या ससून रुग्णालयात आणले गेले. दुखणे अपेंडिक्सचे होते. १२ जानेवारी १९२४ च्या रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली. उरलेले काम कंदिलाच्या उजेडात पार पडले.

३/५ कैदी दगावला असता, तर संशय सरकारवरच आला असता. म्हणूनच श्रीनिवास शास्त्रींच्या उपस्थितीत गांधीजींनी संमतिपत्रावर सही केली आणि त्या इंग्रज शल्यविशारदावर पूर्ण विश्वास नोंदवला.

४/५ ५ फेब्रुवारीला त्यांची विनाअट सुटका झाली. देश आनंदला, गांधीजी मात्र नाही. आजारपण हे कैद्याच्या सुटकेचे कारण होऊ शकत नाही, असे त्यांचे मत होते.

५/५ तरीही लोकांच्या काळजीचे वजन सत्तेला जाणवले असावे. आपल्या घरी त्या दिवसांची एखादी आठवण जपलेली असेल, तर अवश्य सांगा.