लँडिंग पेज (सेवाव्यवसायाचे)
जाहिरातीतून किंवा इंटरनेटवरील शोधातून आलेल्या व्यक्तीला एकाच कृतीकडे, बहुधा चौकशीकडे, नेणारे स्वतंत्र वेबपान. सेवा विकत घेण्यापूर्वी पाहता येत नाही. म्हणून येथे वर्णनापेक्षा पुरावा महत्त्वाचा ठरतो. डहाणू-तळासरीत भिंतींवर वारली चित्रे काढून देणाऱ्या कलाकाराच्या बाबतीत हा पुरावा म्हणजे पूर्ण झालेल्या भिंतींची छायाचित्रे, चौरस फुटाचा दर आणि कामाला लागणारे दिवस. डहाणू तालुक्यातील गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकनही आहे. पण हा लौकिक कलेचा, तो एखाद्या कलाकाराच्या कामाची हमी देत नाही. असे पान कशाला, काम ओळखीतूनच मिळते, हा आक्षेप गावापुरता खरा आहे. मुंबई-सुरतच्या अनोळखी ग्राहकापुढे मात्र ओळखीची उणीव पुराव्यानेच भरून काढावी लागते.