बेगमी

वैशाख अर्धा सरला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील घरी एक निराळीच गडबड सुरू होई. तिला आमच्याकडे 'आगोट' म्हणतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत नदीनाले भरून वाटा बंद व्हायच्या, बाजार दूर राहायचा. म्हणून मृगापूर्वी घरात सगळे भरून ठेवायचे. मीठ, मिरची, आमसुले, कुळीथ, पोहे, पापड, लाकूडफाटा, शेणी, आणि माळ्यावर पेंढा. आजी ह्या सर्वांचा हिशोब तोंडी ठेवी. तिला लिहिता येत नसे. पण मिठाची घागर श्रावणात किती खाली आली म्हणजे ती दिवाळीपर्यंत पुरेल, हे ती बोटे लावून सांगे. एखाद्या वर्षी आम्ही मुलांनी आषाढातच पोह्यांचा फडशा पाडला तर ती रागावत नसे. "खा. मग भाद्रपदात माझ्याकडे बघू नका," एवढेच म्हणे, आणि भाद्रपदात ती खरोखरच बघू देत नसे.

ह्या तरतुदीला मराठीत 'बेगमी' असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. पुढच्या कठीण दिवसांचा विचार करून आजच्या सुबत्तेतून बाजूला काढून ठेवलेला वाटा, असा त्याचा आशय. पुढे सरकारी नोकरीत शिरल्यावर अर्थसंकल्प, तरतूद, पुरवणी मागण्या अशा भारदस्त शब्दांशी माझा नित्य संबंध आला. परंतु त्यांतला एकही शब्द आजीच्या त्या शब्दाइतका नेमका वाटला नाही. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून जुनी कागदपत्रे चाळताना मात्र आजीचेच बोलणे एका फार मोठ्या माणसाच्या लेखणीतून उतरलेले मला आढळले, आणि आजच्या विषयाचा आरंभ तेथूनच करणे मला इष्ट वाटते.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकापूर्वी चिपळूणनजीक दलवटणे येथे छावणीस असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना लिहिलेले एक पत्र इतिहासप्रेमी वाचकांच्या परिचयाचे आहे. रयतेच्या भाजीच्या देठासही हात लावू नये, एवढाच त्याचा अर्थ सामान्यतः सांगितला जातो. तो खोटा नाही. पण पत्र सबंध वाचले म्हणजे ध्यानात येते की त्याचा गाभा बेगमीचा आहे. कटकाच्या मुक्कामामुळे त्या सुभ्यातील पावसाळ्याचा साठा खर्ची पडला होता. मोठ्या प्रयासाने घोड्यांसाठी दाणा-वैरण मिळवून देण्यात आली होती. महाराज बजावतात की, आता आहे म्हणून मन मानेल तसे चारत सुटाल, तर ऐन पावसाळ्यात काहीच उरणार नाही; घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही कुणब्यांच्या घरी जाल. कोणी दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी फाटे, कोणी भाजी. अशा रीतीने रयत गांजली म्हणजे तिला मोगलही बरे वाटू लागतील.

कारणांची ही साखळी पाहण्यासारखी आहे. उन्हाळ्यातील एका हवालदाराची हयगय, तिच्यातून श्रावणातली उपासमार, तीतून रयतेवरचा जुलूम, आणि शेवटी राज्याची अप्रतिष्ठा. आपल्या घरचे दारिद्र्यही असेच येते. ते एका दिवसात येत नाही. ते कोठेतरी वैशाखात सुरू झालेले असते.

ह्या पत्राचा पुढचा भाग मला त्याहूनही विलक्षण वाटतो. शिपाई गवताच्या गंजीजवळ चुली पेटवतील, कोणी तमाखू ओढण्यासाठी विस्तव नेईल, कोणी रात्री दिवा तसाच जळत ठेवील आणि उंदीर त्याची पेटती वात ओढून नेईल. मग सगळे गवत जळून जाईल, आणि त्यानंतर किती कुणब्यांच्या माना मारल्या तरी एक काडी मिळणार नाही. ज्या पुरुषाने अफझलखानाशी व औरंगजेबाशी सामना केला, त्याच्या चित्तात दिव्याच्या वातीला आणि उंदराला जागा होती! चरित्रकार मोहिमांचे वर्णन करताना ह्या उंदरापाशी क्वचितच थांबतात. माझ्या मते राज्य चालवणे म्हणजे काय हे त्या एका वाक्यात अधिक समजते.

येथपर्यंतची कथा सुखाची झाली. पुढची तशी नाही. पन्नास-साठ वर्षांच्या आतच मराठ्यांचे राज्य नर्मदा ओलांडून गेले, आणि त्याबरोबरच कर्जानेही घरात पाय टाकला. थोरले बाजीराव १७२० साली पेशवे झाले. त्यांचा पराक्रम सर्वश्रुत आहे. परंतु पारसनीसांनी प्रसिद्ध केलेली धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींशी झालेली पत्रे वाचली म्हणजे रणांगणावर न वाकलेला हा वीर सावकारांपुढे कसा वाकला होता ते दिसते. आपण ऋणाच्या नरकात सापडलो आहो, सावकारांच्या व शिलेदारांच्या पायां पडता पडता कपाळ झिजले, अशा आशयाचे उद्गार त्यांत आहेत. न्यायमूर्ती रानडे ह्यांनी पेशव्यांच्या रोजनिशींवर लिहिलेल्या प्रसिद्ध प्रबंधात पुढचे आकडे दिले आहेत. बाळाजी बाजीरावाने १७४० ते १७६० ह्या वीस वर्षांत काढलेली कर्जे दीड कोटी रुपयांच्या घरात गेली होती आणि त्यांवर दरसाल शेकडा बारा ते अठरा रुपये व्याज पडत होते. अटकेपार झेंडे गेले ते काही अंशी पुण्याच्या सावकारांच्या पैशावर गेले, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच थोरल्या माधवरावांचा शेवट मला सर्वांत हृदयस्पर्शी वाटतो. पानिपतानंतर मोडलेली घडी त्यांनी अकरा वर्षांत पुन्हा बसवली. वय अवघे सत्तावीस, आणि क्षयाने देह पोखरलेला. १७७२ साली थेऊरास श्रीगजाननाच्या सान्निध्यात मृत्यूची वाट पाहत असता त्यांनी नऊ कलमांची एक यादी लिहवून घेतली व कारभाऱ्यांकडून ती पाळण्याची शपथ घेतली. तीत दौलतीवरील ऋण फेडण्याची तजवीज होती. रानड्यांच्या हिशोबाप्रमाणे ते ऋण तेव्हा चोवीस लक्षांचे होते. मरणाऱ्या राजपुरुषाने मोहीम सांगावी, वारसा सांगावा. ह्याने देणे सांगितले. आपल्याकडे पितृऋण, देवऋण, ऋषिऋण अशी ऋणांची कल्पना मोक्षाशी जोडलेली आहे. सावकाराचे ऋण शिल्लक ठेवून डोळे मिटू नयेत, ही जुन्या माणसांची तळमळ त्या संस्कारातूनच आलेली असावी.

आता पेशव्यांच्या वाड्यातून खाली उतरून कुणब्याच्या ओसरीवर येऊ. कारण शहाणपणाची खरी परीक्षा तेथे होते.

भीमथडीतील सुपे हे गाव शहाजी राजांच्या जहागिरीतले. १२ मे १८७५ रोजी तेथे आठवड्याचा बाजार होता. आसपासच्या गावांतून जमलेले शेतकरी सावकारांच्या दुकानांवर चालून गेले. त्यांना पैसा नको होता, दागिनाही विशेष नको होता. त्यांना खते आणि वह्या हव्या होत्या. सावकाराने कर्जरोखे मुकाट्याने काढून दिले तर बहुधा तेवढ्यावर भागे. रोख्यांची होळी झाली, आणि ती आग पाहता पाहता पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरली. माणसांच्या जिवावर मात्र क्वचितच बेतले. ज्या कागदाने आपला जीव घेतला असे वाटत होते तो कागद जाळून लोक घरी गेले.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्या काळी सुशिक्षितांत आणि सरकारी गोटात एक मत फार रूढ होते, आणि ते आजही ऐकू येते: शेतकरी उधळा आहे, लग्नात ऋण काढून सण करतो, म्हणून बुडतो. 'अंथरूण पाहून पाय पसरावे' ही म्हण त्याला नेहमीच ऐकवली जाई. आयोगाने मात्र हिशोब पाहून सांगितले की लग्नखर्चाला अवास्तव महत्त्व दिले गेले आहे. कधीकाळी होणाऱ्या एखाद्या लग्नापेक्षा पोटासाठी, बियाण्यासाठी, बैलासाठी आणि सरकारी साऱ्यासाठी वारंवार काढावी लागणारी लहान लहान कर्जेच ऋणाचा डोंगर वाढवतात. जोतीराव फुले ह्यांनीही १८८३ मध्ये पुऱ्या केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या ग्रंथात उधळेपणाच्या ह्याच आरोपाचा आपल्या धारदार पद्धतीने समाचार घेतला आहे. अंथरूणच जर कोणी दरसाल हातभर कापून नेत असेल, तर पाय तरी किती पोटाशी घ्यावेत?

ते अंथरूण कापले कसे गेले, ही कथा ध्यानात घेण्यासारखी आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले असता तिकडचा कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकाराने हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळला. त्याच सुमारास १८६७ पासून जमीनमहसुलाच्या फेरआकारणीने सारा वाढत चालला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याची भर. जुन्या कर्जासाठी ऋणकोला जन्मभर छळता येऊ नये म्हणून साध्या रोख्यावर दावा लावण्यास तीन वर्षांची मर्यादा घातली गेली. हेतू उत्तम; पण सावकाराने दर तीन वर्षांनी नवे खत लिहून घेण्यास प्रारंभ केला, आणि प्रत्येक वेळी थकलेले व्याज मुद्दलात मिसळले. घेतलेले पन्नास कधी दोनशे झाले हे कुणब्याला कळेना. त्याच्या सहीच्या जागी कुलकर्णी नांगराचे चित्र काढी आणि लिही, 'निशाणी नांगर'. ज्या औताने तो पोट भरीत असे तेच चित्र त्याच्या जमिनीवर पाणी सोडण्याच्या कामी येई. मी अभिलेखागारात असे कागद पाहिले आहेत. तीन-चार रेघांचा तो नांगर इतका सुबक असतो की प्रथम कौतुकच वाटते.

मौज अशी की, ह्या रोगावरचे एक औषध आपल्या जुन्या धर्मशास्त्रात होतेच. व्याज कितीही तुंबले तरी एका वेळी मुद्दलाहून अधिक वसूल करता येऊ नये, हा दामदुपटीचा नियम. मुंबई इलाख्यातील न्यायालये हिंदू ऋणकोच्या बाबतीत तो मानीत असत. परंतु व्याजच मुद्दल म्हणून नव्या खतात शिरले म्हणजे दामदुप्पट कशाची मोजायची? १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार उकलण्याचा अधिकार दिला तो ह्यासाठीच. पुढे १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्याने मुद्दलाहून अधिक व्याजाचा हुकूमनामा देण्यास न्यायालयांना मनाई केली. जुन्या स्मृतिकारांची मर्यादा अशी सर्वधर्मीयांसाठी विधिनियमात आली. दरम्यान १८८२ मध्ये टपाल कचेरीची बचत बँक सुरू झाली होती, १९०४ मध्ये सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला होता, आणि १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या उद्योगातून शेतकऱ्यांच्या मालकीचा साखर कारखाना धूर ओकू लागला होता. हा इतिहास पुष्कळांनी सांगितला आहे, त्याची पुनरुक्ती करीत नाही. एवढे मात्र म्हणतो की, काटकसर हा गुण खरा, पण ती ठेवायला सुरक्षित जागा आणि गरजेला रास्त दराने पैसा ह्या दोन गोष्टी नसतील, तर गरिबाला काटकसर शिकवणे हा पोटभरल्या माणसाचा विरंगुळा ठरतो.

इतके सर्व वाचलेल्या माणसाने व्यवहारात शहाणे असावे, अशी आपली अपेक्षा असेल. काही वर्षांपूर्वी एका स्नेह्याच्या कर्जाला मी जामीन राहिलो. पतसंस्थेच्या कचेरीत गर्दी होती, पंखा बंद होता, स्नेही घाईत होते. बारीक टायपातले सहा-सात कागद पुढे आले. फुल्या मारलेल्या जागी मी सह्या केल्या. वर्षभराने स्नेह्यांचा धंदा बुडाला, आणि माझ्या पगारातून हप्ते कापले जाऊ लागले. ते एकतीस महिने चालले. मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेली बेगमी त्यात गेली. पत्नीने पहिल्या दिवशी एकच प्रश्न विचारला, "कागद वाचला होता का?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजीने काय विचारले असते ते मला ठाऊक होते.

त्या कागदांची एक प्रत पुढे मी मागून आणली. शेवटच्या पानावर, जामीनदाराच्या रकान्यात, माझी सही आहे: स्पष्ट, वळणदार, पदवीसकट. जुन्या खतांच्या छायाप्रतींबरोबर मी ती एकाच पुडक्यात बांधून ठेवली आहे.