गुरुत्वाकर्षण व गोळ्याचा मार्ग

बंदुकीची गोळी किंवा तोफेचा गोळा नळीबाहेर पडताच गुरुत्वाकर्षणामुळे खाली येऊ लागतो. आडवा वेग कितीही मोठा असला, तरी या पतनात खंड पडत नाही. हवेचा रोध नसल्यास सेकंदाला ८०० मी. वेगाने आडवी सुटलेली गोळी ४०० मी. अंतर अर्ध्या सेकंदात कापते व तेवढ्यात सु. १·२ मी. खाली येते. म्हणून दूरच्या लक्ष्यावर नेम धरताना नळीचे तोंड किंचित वर ठेवावे लागते.

गोळा आधी सरळ जातो व जोर ओसरल्यावर पडतो, अशी यूरोपात जुनी समजूत होती. हवेचा रोध वगळल्यास हा मार्ग अन्वस्ताकार असतो, हे गॅलिलीओ यांनी १६३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सिद्ध केले. प्रत्यक्षात हा रोध फार मोठा असतो, हे बेंजामिन रॉबिन्स यांनी १७४२ मध्ये दाखवून दिले. त्यामुळे पल्ला घटतो व मार्गाचा उतरता भाग अधिक उभा होतो.

महाराष्ट्रात या नियमाचा प्रत्यय १८१८ मध्ये गिरिदुर्गांच्या वेढ्यांत आला. लांब नळीच्या तोफेचा गोळा बऱ्याच अंशी सपाट मार्गाने जाई व कड्यावर किंवा तटावर आदळे. तटाआडची वस्ती सुरक्षित राही. उखळी तोफेची नळी आखूड व बरीच वर रोखलेली असे. तिचा कुलपी गोळा उंच चढून तटापलीकडे कोसळे. तटाचा अडसर नाहीसा करण्याचे काम गुरुत्वाकर्षणच करी. दारू कमीजास्त करून पल्ला साधीत व गोळा योग्य वेळी फुटावा म्हणून त्याच्या वातीची लांबी ठरवीत.

पुण्याजवळील सिंहगड जनरल प्रित्झलर यांच्या फौजेच्या भडिमारानंतर मार्च १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला. रायगडावर दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती. तेथे कुलपी गोळ्यांनी आग लागून राजवाडा जळाला आणि १० मे १८१८ रोजी गड कर्नल प्रॉथर यांच्या स्वाधीन झाला. पेशव्यांची फौज मदतीस येण्याची आशा मावळली होती, हेही शरणागतीचे मोठे कारण होते. तथापि उभे कडे व भक्कम तट या गिरिदुर्गांच्या परंपरागत आधारांना वरून पडणारा गोळा दाद देत नाही, हे या वेढ्यांनी स्पष्ट केले.