रिकामा दिवस आणि बाटली

जालना शहराच्या पूर्वेला, निजामाच्या मुलखात, 1827 मध्ये इंग्रजी अंमलाखालच्या फौजेची छावणी वसली आणि 1903 मध्ये ती उठली. अशा छावण्यांतल्या गोऱ्या शिपायाचं पिणं हा त्या काळी सरकारच्या काळजीचा विषय होता. हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल 1863 मध्ये आला, तेव्हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी त्यातल्या पुराव्यावर भाष्य लिहिलं. पहाटेची कवायत आटोपली की उरलेला दिवस बराकीत लोळून काढायचा आणि पलटणीच्या कँटीनमध्ये दारू तयार, हे चित्र त्यांनी उघड मांडलं. शिपायाच्या स्वभावाला दोष न देता त्याला काम, खेळ आणि वाचनालय द्या, असा त्यांचा आग्रह होता. आज विद्यार्थ्यांच्या व्यसनाबद्दल बोलताना हीच वाट धरायला हवी, असं मला ठामपणे वाटतं.

किओ, झिम्बार्डो आणि बॉइड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1999 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वर्तमानातच रमणाऱ्या तरुणांमध्ये दारू, सिगारेट आणि अमली पदार्थांचं प्रमाण जास्त आढळलं. पण झिम्बार्डो यांच्याच मांडणीत वर्तमानात जगण्याचे दोन प्रकार आहेत: एक मौजेचा, दुसरा ‘उद्याचं आपल्या हातात काहीच नाही’ असं मानणारा. आपल्याकडचे उपदेश पहिल्यालाच झोडपतात. दुसरा प्रकार मात्र परिस्थितीच घडवते: पदवी झाली, भरतीची जाहिरात निघत नाही, निघाली तर परीक्षा पुढे ढकलली जाते, निकाल लांबतो. जालना जिल्ह्यातल्या अंबड किंवा भोकरदनहून शहरात येऊन भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मुलाचा उद्या असा दुसऱ्याच्या हातात असतो. त्याला उधळ्या म्हणणं अन्यायाचं आहे.

यावर कुणी म्हणेल, अशीच वाट पाहणारी बहुतेक मुलं पीत नाहीत. खरं आहे, घरचा धाक, सोबत आणि अभ्यासाची शिस्त त्यांना सावरते, आणि तो अमेरिकी अभ्यासही फक्त संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: दारू सहज मिळते म्हणून प्यायली जाते. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक मद्यासाठी 25 वर्षांची अट आहे, ती काटेकोर पाळली गेलीच पाहिजे. नाइटिंगेल यांचाही कँटीनमधल्या कडक दारूवर रोख होताच, पण तेवढ्यावर त्या थांबल्या नव्हत्या. भरतीचं वेळापत्रक जाहीर करून पाळणं आणि तालुक्याची अभ्यासिका रात्री उशिरापर्यंत उघडी ठेवणं, ही कामंही दारूबंदीच्या खात्यातच मांडायला हवीत.