पायाचा जुनाट व्रण : मध कीं पट्टी?

भाईंदरच्या मिठागरांत दिवसभर उभा राहणारा मजूर काय, किंवा सोलापूरच्या मागापुढें उभा असलेला विणकर काय, दोघांच्याहि पायांवर एकच संकट ओढवूं शकतें. घोट्याच्या आंतल्या बाजूस कातडी काळवंडते, कुठेंतरी खरचटण्याचें निमित्त होतें, आणि पंधरा दिवसांत भरून यावयाची जखम महिनेच्या महिने, क्वचित् वर्षानुवर्षें वाहत राहते. अशुद्ध रक्त वर नेणाऱ्या शिरांतील पडदे निकामी झाले म्हणजे रक्त पायांत तुंबतें, आणि अशा पायावरील जखम सहसा धरत नाहीं. लोक मात्र विचारतात तें एवढेंच, कीं जखमेवर लावावें काय?

सुश्रुतानें व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांतील मध-तूप घरोघर ठाऊक आहे. त्याच संहितेंत बंधनाचे चौदा प्रकारहि आहेत, हें सहसा कोणास आठवत नाहीं. युरोपांतहि तीच गत. 1797 सालीं ब्रिस्टलच्या थॉमस बेंटन यानें जुनाट व्रणावर चिकटपट्ट्या आवळून बांधण्याची रीत प्रसिद्ध केली. तरी मलमांची हौस कांहीं ओसरली नाहीं.

मधाची बाजू आधुनिक शास्त्रापुढें हिरिरीनें मांडली ती सोलापुरानें. तेथील डॉ. वैशंपायन स्मारक वैद्यकीय महाविद्यालयांतील शल्यविशारद डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनीं भाजलेल्या 104 रुग्णांचे दोन सारखे गट केले. एका गटाला मध, दुसऱ्याला त्या काळीं रूढ असलेलें चांदीयुक्त सल्फाडायझीनचें मलम. 1991 सालीं ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त निष्कर्ष छापून आले. पंधरा दिवसांत मधाच्या गटांतील शेंकडा 87 जखमा भरल्या होत्या, मलमाच्या गटांतील अवघ्या 10. आजीबाईच्या बटव्यांतील औषध असें तुलनेच्या कसोटीवर उतरविलें, हेंच या कामाचें खरें मोल. पण या जखमा भाजल्याच्या होत्या. ताजी भाजलेली जखम आणि रक्त तुंबलेल्या पायाचा व्रण यांत फार अंतर आहे, आणि उत्साहाच्या भरांत तें विसरलें जातें.

पायाच्या व्रणापुरता निवाडा झाला न्यूझीलंडांत. तेथील 368 रुग्णांपैकीं सर्वांच्याच पायांस दाबाची पट्टी बांधली. 187 जणांच्या पट्टीखालीं मध होता, 181 जणांच्या पट्टीखालीं नेहमीचें आच्छादन. बारा आठवड्यांत पहिल्या गटांतील 104 आणि दुसऱ्यांतील 90 जणांचे व्रण भरले, म्हणजे शेंकडा 55.6 आणि 49.7. एवढा फरक निव्वळ योगायोगानेंहि पडूं शकतो. मधाच्या गटांत वेदनेच्या तक्रारी मात्र अधिक होत्या. हा वृत्तांतहि त्याच नियतकालिकांत, 2008 सालीं आला. मधाशिवायहि निम्मे व्रण बारा आठवड्यांत भरले, त्याचें श्रेय बव्हंशीं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चढणाऱ्या त्या साध्या, स्वस्त पट्टीला द्यावें लागतें. मोठमोठ्या किंमतींच्या मलमांच्या जाहिरातींत तिचें नांवहि नसतें.

अर्थात् ही पट्टी वाटेल त्यानें वाटेल तशी आवळावयाची नव्हे. भाजलेल्याच्या जखमा आणि मधुमेह्याच्या पिडका बांधूं नयेत, असें सुश्रुतानेंहि बजाविलें आहे. शुद्ध रक्ताच्या वाहिन्याच अरुंद झाल्या असतील, तर दाबानें पाय गमावण्याची पाळी येते. म्हणून पट्टी बांधण्यापूर्वीं घोट्याशीं आणि दंडाशीं रक्ताचा दाब मोजून दोन्ही आंकडे ताडून पाहतात, आणि घोट्याचा दाब दंडाच्या मानानें फार कमी निघाला, तर पट्टी बाजूस ठेवून आधीं त्या वाहिन्यांची तपासणी करतात.