अक्काच्या गोळ्या

२००२ च्या जुलैत आमच्या अक्काने, माझ्या थोरल्या बहिणीने, बेळगावच्या घरी गोळ्यांची पट्टी माझ्यादेखत केराच्या डब्यात टाकली. पेपरात बातमी होती की, पाळी गेल्यावर घ्यायच्या संप्रेरकांच्या गोळ्यांनी स्तनाचा कर्करोग वाढतो. अक्का तेव्हा ४७ वर्षांची. सहा वर्षांपूर्वी तिची पिशवी आणि दोन्ही बीजकोश काढलेले. बातमी नेमकी कोणत्या बायकांची, हे आम्ही दोघींनी पाहिले नाही. डॉक्टरांनाही विचारले नाही.

पुढे मी या गोळ्यांचा इतिहास धुंडाळत बसले. १९२९ साली अमेरिकेत डॉइझी आणि जर्मनीत बुटेनांट यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, गरोदर बायकांच्या लघवीतून ईस्ट्रोजेन हे संप्रेरक वेगळे काढले. १९४२ पासून अमेरिकेत विकली गेलेली प्रेमारिन ही गोळी मात्र गाभण घोडीच्या मुतापासूनची! (आमच्या आजीला गोमूत्र चाले, हे चालले नसते.) १९६६ त न्यूयॉर्कच्या डॉ. रॉबर्ट विल्सन यांनी ‘फेमिनिन फॉरेव्हर’ हे पुस्तक लिहून पाळी जाणे हा रोगच ठरवून टाकला. त्यांच्या संस्थेला औषध कंपन्यांचा पैसा मिळत होता, हे मागाहून उघड झाले. १९७५ त दिसून आले की नुसत्या ईस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तेव्हा पिशवी शाबूत असलेल्यांना जोडीला प्रोजेस्टिन देऊ लागले.

२००२ ची बातमी या जोडीची होती. अमेरिकेतल्या १६,६०८ स्त्रिया, साऱ्यांची पिशवी शाबूत, सरासरी वय ६३. दहा हजार बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाच्या आठ जास्त, खुबा मोडलेल्या पाच कमी. पिशवी काढलेल्यांची चाचणी निराळी होती. ती २००४ त थांबवली, पक्षाघाताचे प्रमाण वाढले म्हणून. स्तनाचा कर्करोग तीत वाढलेला नव्हता.

आणि अक्का तर वयानेच या बायकांहून वेगळी. एकेचाळिसाव्या वर्षी बीजकोश गेले की हाडे फार लवकर ठिसूळ होऊ लागतात. अशा बाईला, दुसरी अडचण नसेल तर, निदान पन्नाशीपर्यंत ईस्ट्रोजेन द्यावे, असे डॉक्टर आज सांगतात.

२०१५ त न्हाणीघरात पाय घसरून अक्काचा खुबा मोडला. गोळ्या सोडल्या म्हणूनच मोडला, असे मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी पट्टी डब्यात पडली तेव्हा, “बरं केलंस, अक्का,” असे म्हणाले होते ती मीच.